अर्ध्या कौलाची फाक

मित्रांनो, मी एक जुनी कौलाची फाक आहे, देवाला कौल लावतात ना, त्यातली. जोडीतली एक. हे आधीच सांगून टाकते, कारण एकट्या फाकेला कुणी काही विचारत नाही. एकटी चप्पल, एकटं कानातलं अन् एकटी कौलाची फाक, सगळ्यांची गत सारखीच. टाकवतही नाही अन् वापरवतही नाही.

दिसायला मी चंद्रकोरीसारखी, तळहातावर मावेन एवढी. एक अंग सपाट, ते माझं तोंड. दुसरं फुगीर, ते माझं पोट. कधीकाळी मला लाल रंग होता. आता तो फक्त खाचांत उरलाय, बाकीचा लोकांच्या हातांनी नेला.

माझा जन्म वादळातला. खाडीच्या तोंडाशी बांबूचा एक भलामोठा गड्डा मुळांसकट वाहून आला अन् होड्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या सुताराला त्याची ठेच लागली. त्यानं आधी गड्ड्याला शिव्या दिल्या, मग नीट पाहिलं, मग घरी नेला. त्यातून त्यानं आम्हा दोघी जुळ्या बहिणींना कोरलं. आम्ही तोंडाला तोंड लावून मिटलो की मधून केससुद्धा जात नसे. देवळात आम्हाला ठेवून घ्यायचं की नाही, हे देवालाच विचारायला हवं होतं, अन् देवाला विचारायचं तर कौल हवा. म्हणून देवळातल्या जुन्या, चिरलेल्या फाका शेवटच्या खाली पडल्या. त्यांनी आमच्यासाठी तीनदा होकार दिला अन् निवृत्त झाल्या. एवढ्या शांतपणे खुर्ची सोडलेली मी पुन्हा कधी पाहिली नाही.

आमच्या देवळात राजेसाहेब बसतात. चेहरा काळाकुट्ट, डोळे बाहेर आलेले. रोगाचं विष गावच्या विहिरीत पडणार होतं, ते त्यांनी स्वतःच पिऊन टाकलं, तेव्हापासून असे दिसतात. दिसायला भीतीदायक, पण मनानं गमत्या. हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण त्यांचं बोलणं आमच्याच तोंडून व्हायचं.

ते असं. माणूस गुडघे टेकतो, नाव-गाव सांगतो, प्रश्न विचारतो अन् आम्हा दोघींना खाली टाकतो. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोघी पालथ्या पडल्या तर नकार. अन् दोघी उताण्या पडल्या, तर आम्ही पोटावर डुलत राहतो, डुगडुग, डुगडुग. तेव्हा म्हणायचं, राजेसाहेब हसले. म्हणजे प्रश्न पुन्हा नीट विचार, बाबा. मोठं काम असेल तर लागोपाठ तीन होकार लागतात.

केवढं हसायचे राजेसाहेब तेव्हा. एकानं विचारलं, माझं बदक कुणी चोरलं? बदक त्याच्याच पाठीमागे उभं होतं. आम्ही दोघी उताण्या. एका नवऱ्यामुलानं विचारलं, माझी बायको माझं ऐकेल का? आम्ही इतक्या डुललो की उदबत्तीच्या राखेत जाऊन पडलो.

वर्षातून एकदा, सहाव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी, राजेसाहेबांचा वाढदिवस. आठ खांदेकरी पालखी उचलायचे अन् मासळीच्या तळ्यांमधल्या बांधावरून समुद्राकडे निघायचे. पालखी सरळ चालली तर देव झोपलाय असं लोक समजायचे, म्हणून ती झुलवत, आदळत, फटाक्यांच्या धुरातून न्यायची. दर घरापुढे टेबल, टेबलावर शेवया, अख्खी कोंबडी, लाल रंगाचे कासवाच्या आकाराचे तांदळाचे मोदक. संध्याकाळी देवळासमोर बाहुल्यांचा खेळ. रंगमंचाचं तोंड देवाकडे, कारण खेळ देवासाठी. माणसांनी वाटलं तर बाजूनं बघावं.

अन् मित्रांनो, त्या खेळावरूनच सगळं फुटलं.

एका वर्षी तेनतिंग नावाच्या कोळ्यानं शहरातून सिनेमाचं यंत्र आणायचं ठरवलं. "राजेसाहेबांनी दोनशे वर्षं त्याच बाहुल्या बघितल्या," तो म्हणाला. "तुम्ही दोनशे वर्षं एकच भाजी खाल का?"

त्याचा जिवलग मित्र हाईसान बाहुल्यांच्या बाजूचा. "अन् पडदा देवाकडे तोंड करून लावला की आम्हाला मागनं सगळी अक्षरं उलटी दिसणार, त्याचं काय?"

"तुला सुलटी तरी कुठं वाचता येतात?"

झालं. अर्धं गाव सिनेमाकडे, अर्धं बाहुल्यांकडे. शेवटी कौल लावला. सिनेमा आणू का? आम्ही दोघी उताण्या. पुन्हा. उताण्या. तिसऱ्यांदा. उताण्याच. खरं सांगू? राजेसाहेबांना खरोखर हसू आलं होतं. पण हाईसान म्हणाला, "सिनेमाला हसले." तेनतिंग म्हणाला, "तुझ्या बाहुल्यांना हसले." सूर्य मावळेपर्यंत हसण्याचा अर्थ लावण्यात दोघांचे घसे बसले अन् सकाळी गावाची वाटणी निघाली.

खाडीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे दुसरं. थोरले राजेसाहेब इकडे, त्यांची धाकटी मूर्ती तिकडे. पालखी इकडे, तिच्या काठ्या तिकडे. घंगाळाएवढी झांज तिकडे, ती वाजवायची मोगरी इकडे. राहता राहिलो आम्ही. हाईसाननं मला उचललं, तेनतिंगनं माझ्या बहिणीला. "अर्धा देव तुझा, अर्धा माझा," असं काहीतरी दोघं ओरडत होते. कुणीही थांबून विचारलं नाही, की अर्ध्या कौलाला देव बोलणार कसा.

हाईसाननं माझ्यासाठी नवी जोडीदारीण कोरली. वजन कमी भरलं म्हणून जाळ्याला लावायचे शिशाचे गोळे तिच्या सपाट तोंडात ठोकले. त्यामुळे ती कशीही टाका, धप्पकन पालथी पडते. तिकडे तेनतिंगनं बहिणीसाठी शहरातून प्लास्टिकची आणली, हलकी वाटली म्हणून तिच्या पोटात सिमेंट भरलं. ती कशीही टाका, उताणीच.

आता तुम्हीच हिशोब लावा. इकडे एक कायम पालथी, म्हणजे मी उताणी पडले तर होकार, पालथी पडले तर नकार. हसू नाहीच. एकतीस वर्षं आमचे राजेसाहेब एकदाही हसले नाहीत. तिकडे एक कायम उताणी, म्हणजे होकार नाहीतर हसू. नकार नाहीच. अन् फाक बदलली असं कुणी म्हणेना. म्हणाले, देव बदलला. आमचे राजेसाहेब म्हातारपणी चिडके झाले, त्यांचे लाडावले.

लोक हुशार. ज्याला होकार हवा तो खाडीवरचा पूल ओलांडून तिकडे जायचा, ज्याला नकार हवा तो चोरून इकडे यायचा. चुईसेंग, जो पुढे आमच्या देवळाचा पंच झाला, त्याला जुनी होडी घ्यायची होती. तो तिकडून होकार घेऊन आला, त्याच दिवशी त्याच्या बायकोनं इकडून नकार नेला. घरात दोन देवांचं भांडण. होडी आली, अन् तिच्यावर तिचं नाव रंगवत असतानाच धक्क्यापाशी बुडाली. बायको नुसती बसून शिंपले सोलत राहिली, पण सोलताना गाणं म्हणत होती.

तिकडे तर काय, देऊळ गुलाबी रंगवू का? होकार. छपरावर बारा हात लांब ड्रॅगन बसवू का? होकार. तारेनं बांधायची गरज आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही. पुढच्या वादळात तो ड्रॅगन उडाला अन् खाडी ओलांडून आमच्या बदकांच्या खुराड्यावर उतरला. परत देऊ का, असं इकडे विचारलं. नकार. अजून आहे. बदकं त्याच्या पोटात अंडी घालतात.

तुम्ही हसताय. हसा. पण मला विचाराल, तर वाढदिवसाच्या दिवशी दोन्हीकडे ढोल सुरू व्हायचे तेव्हा मी तबकात पडल्या पडल्या पलीकडे कान लावायची. बहीण पडली की तिचा आवाज वेगळा, कोरडा, टक्‌ असा. इतक्या गोंगाटात तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी कान लावायची. शिशाची बाई शेजारी पालथी पडलेली असायची. तोंड कधी वर नाही, एक शब्द कधी नाही. एकतीस वर्षांचा संसार, अन् तिचा चेहरा कसा आहे ते मी पाहिलेलं नाही.

हाईसान वारला. त्याची बायको बोंगछी देवळाची देखभाल करू लागली. बोंगछी म्हणजे 'वाढवू कशीतरी'. सलग चौथी मुलगी झाली तेव्हा आईबापांनी असलं नाव ठेवलं. कशीतरी वाढवलेली ही बाई आता एक्याऐंशीची, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा त्याच वाटेवर. पण रोज पहाटे ओल्या फडक्यानं राजेसाहेबांचा चेहरा पुसायची अन् त्यांच्याशी बोलायची. "आज पण तोंड वाकडं? बरं. मी तरी काय करू?"

पोरं शहरात गेली. तळी राहिली, मासे राहिले, खांदे गेले. आठ खांदेकऱ्यांचे पाच झाले, त्यातल्या एकाच्या गुडघ्यात लोखंड. म्हणून मागच्या वर्षी राजेसाहेबांना मासळीच्या टेम्पोत बसवलं. टेम्पो बांधावर मागे घेताना ड्रायव्हर फटाक्यांना बिचकला अन् देव मागच्या मागे तळ्यात. चौघांनी गळाभर पाण्यात चाचपडून त्यांना काढलं, तेव्हा बाहीत एक जिवंत मासा होता. क्षमा मागायला कौल लावला. नकार. अकरा वेळा विचारलं, त्यातले नऊ नकार. मी काय करू? मी जशी पडते तशी पडते.

मग या वर्षी चुईसेंगनं सगळ्यांना देवळासमोर बसवून सांगितलं, "खांदे मिळाले नाहीत तर पालखी नाही. अन् पालखी नाही तर देऊळ कशाला उघडं ठेवायचं? राजेसाहेबांना शहरातल्या मोठ्या देवळात पोचवू. तिथं बंद पडलेल्या देवळांच्या देवांसाठी वेगळं कपाट आहे."

"कपाट?" बोंगछी म्हणाली.

"काचेचं आहे, मावशी. दिवा पण आहे आत. नंबर लावून ठेवतात, हरवायला नको म्हणून."

"अन् तोंड कोण पुसणार?"

"महिन्यातून एकदा पुसतात."

सगळे गेल्यावर बोंगछीनं आम्हाला उचललं अन् गुडघे टेकून विचारलं, "पलीकडे जाऊन खांदे मागू का?" शिशाची पालथी. मी पण पालथी. नकार. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. बोंगछीनं शिशाच्या बाईला उचललं, हातात तोलून पाहिलं, बोटानं तिच्या तोंडातले गोळे चाचपले. बराच वेळ चाचपत राहिली. मग "एकतीस वर्षं, हाईसान," एवढंच म्हणाली, तिला खणात टाकलं अन् मला एप्रनच्या खिशात घालून पूल ओलांडला.

पलीकडे तेनतिंग देवळाच्या पायरीवर बसून गाण्याचं यंत्र दुरुस्त करत होता. तोही ऐंशीच्या घरात.

"वहिनी," तो म्हणाला, "वाट चुकलात की काय?"

"वाट नाही चुकले. माणसं चुकली."

"बसा. चहा घ्या. आमच्याकडे चहाला नकार नसतो."

"माहितीये. तुमच्याकडे कशालाच नसतो. खांदेकरी किती आहेत तुमचे?"

तेनतिंगनं यंत्राचा स्क्रू घट्ट केला. "चार. मला धरून."

"तुम्हाला धरून म्हणजे साडेतीन."

"तुमचे?"

"पाच. लोखंडासकट."

मग तिनं कपाटाची गोष्ट सांगितली. काच, दिवा, नंबर. तेनतिंगनं स्क्रू खाली ठेवला. "थोरल्या राजेसाहेबांना नंबर?" तो म्हणाला. "त्यांना तरुणपणी मी खांद्यावर घेतलंय. एका बाजूला मी, एका बाजूला हाईसान. हाईसान बुटका, त्यामुळे देव कायम त्याच्याकडे कललेले. तेव्हापासूनच त्याचे लाड."

"तुमच्या त्या सिनेमानं केलं सगळं."

"तो सिनेमा आलाच नाही, वहिनी. यंत्र रस्त्यातच जळालं. तुमच्या बाजूला कुणाला कळू दिलं नाही."

बोंगछीनं त्याच्याकडे तिच्या बऱ्या डोळ्यानं पाहिलं. मग खिशातून मला काढून त्याच्यासमोर ठेवलं. तो उठला, आत गेला अन् माझ्या बहिणीला घेऊन आला.

मित्रांनो, हे कसं सांगू? ती झिजली होती. कडा गोल झाल्या होत्या. मी पण तशीच झाले असणार. बोंगछीनं आम्हाला तोंडाला तोंड लावून धरलं. आता मधून केस गेला असता, एखादा जाडसुद्धा. पण बसलो.

कौल कुठं लावायचा, यावर दोन दिवस वाद झाला. हे म्हणाले आमच्या देवळात, ते म्हणाले आमच्या. शेवटी पुलावर, बरोबर मध्यावर, एक चटई अंथरली. मध्य मोजायला दोन्हीकडून दोरी आणली होती. दोन्ही गावं मिळून तीसेक माणसं, सगळी म्हातारी, सगळ्यांच्या हातात उदबत्त्या. बोंगछी गुडघे टेकून बसली. "राजेसाहेब, दोन्ही गावांनी मिळून तुम्हाला एका पालखीत न्यायचं का? तीन होकार द्या."

पहिल्यांदा मी उताणी, ती पालथी. होकार. दुसऱ्यांदा ती उताणी, मी पालथी. होकार. तिसऱ्यांदा आम्ही उडालो, चटईवर आदळलो, अन् दोघी उताण्या. शेजारी शेजारी. डुगडुग, डुगडुग. थांबताच येईना.

एकतीस वर्षांपूर्वी याच हसण्यावर गाव फुटलं होतं. चुईसेंगनं घसा खाकरला. "नियमाप्रमाणे लागोपाठ तीन..."

"याचा अर्थ असा, की..." तेनतिंग सुरू झाला.

"अर्थ सांगायचा नाही," बोंगछी म्हणाली. ती गुडघ्यांवरच होती, उठता येत नव्हतं तिला. "एकतीस वर्षं अर्थच सांगितलात दोघांनी. एक जण तर सांगता सांगता वर गेला. देव हसलाय ना? मग आपण पण हसायचं. एवढाच अर्थ."

अन् ती हसली. तोंडात चार दात, तेही लांब लांब. मग तेनतिंग. मग लोखंडाच्या गुडघ्याचा माणूस. चुईसेंग शेवटपर्यंत धरून होता, पण त्याच्या बायकोनं त्याच्या कानात 'होडी' एवढंच म्हटलं, अन् त्यालाही हसू फुटलं. चौथा कौल कुणी लावलाच नाही.

सहाव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी पालखी निघाली. तिला तिच्या काठ्या मिळाल्या, झांजेला तिची मोगरी. नऊ खांदेकरी, आठ जागा. नववा छत्री धरून. कुणी उंच, कुणी बुटका, कुणाचा पाय जड, त्यामुळे झुलवायची गरजच पडली नाही, पालखी आपोआप हेलकावे खात होती. दोनदा बदकांनी वाट अडवली. बोंगछी पालखीची दांडी धरून शेवटपर्यंत चालली. समुद्र दिसला तेव्हा तिनं तोंड वर केलं अन् राजेसाहेबांना विचारलं, "दिसतोय ना? मला निळं काहीतरी दिसतंय. तोच असेल." चुईसेंग पालखीच्या ओझ्याखाली होता. तिथूनच म्हणाला, "कपाटाला कळवून टाकतो, मावशी. गिऱ्हाईक येत नाही म्हणून."

आता गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं. पण आमची गावं तशी नाहीत. परतताना पुलावर पुन्हा वाद. दोन्ही फाका एका गावानं ठेवायच्या तर कुठल्या? दोन्हीकडचे पंच अडले. ठरलं असं, की वर्षातून एक दिवस दोघी एकत्र, बाकी आपापल्या देवळात. बोंगछीनं एप्रनच्या खिशात हात घातला, एक फाक काढून तेनतिंगला दिली, एक स्वतःकडे ठेवली अन् निघाली.

मित्रांनो, तेनतिंगच्या हातात जी होती, ती मी.

एका गड्ड्यातल्या आम्ही, एकसारख्या झिजलेल्या. कुणाला कळणार? ओरडावंसं वाटलं. पण फाक पडल्याशिवाय बोलत नाही. तेव्हापासून मी पलीकडे आहे, म्हणजे इथल्यांच्या मते अलीकडे. गुलाबी देवळात, पोटात सिमेंट भरलेल्या बाईशेजारी. ती कायम उताणी, त्यामुळे मी उताणी पडले की आता इथं हसू होतं. ज्या राजेसाहेबांना मी एकतीस वर्षं हसवू शकले नाही, त्यांच्या धाकट्या मूर्तीला रोज हसवते. अन् माझी बहीण तिकडे त्या शिशाच्या पाठीकडे बघत पडली असेल. हसायची तिला केवढी सवय होती.

गेल्या आठवड्यात बोंगछी पूल ओलांडून आली. हल्ली दर चार दिवसांनी येते, काठी टेकत, रताळी घेऊन. तेनतिंग म्हणाला, "वहिनी, तुमचं देऊळ बंद पडलं का?"

"तुमचा चहा बरा असतो," ती म्हणाली.

तो चहा करायला गेला तेव्हा तिनं मला उचललं. अंगठा माझ्या कडेवरून फिरवला, त्या एका खाचेपाशी थांबला, जिथं तिच्याच अंगठ्यानं वर्षानुवर्षं रंग घालवलाय. बराच वेळ थांबला. मग तिनं आम्हाला टाकलं. मी उताणी पडले. डुगडुग.

तिनं तेनतिंगला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुलावर पुन्हा चटई अंथरावी लागली असती. शिवाय चूक दुरुस्त झाली, तर दर चार दिवसांनी पूल ओलांडायचं कारण काय सांगणार? चूक होती की नव्हती, हे मला विचारू नका. तिच्या खिशात आम्ही दोघी होतो, अन् डोळ्यांनी दिसत नसलं तरी तिच्या अंगठ्याला सगळं दिसतं.

मित्रांनो, वाटण्या होतात. शेतं वाटली जातात, घरं वाटली जातात, होकार-नकारसुद्धा. पण ज्या वस्तू दोघी मिळूनच बोलतात, त्यांना फोडू नका. अन् फोडल्याच असतील, तर काठी घ्या, वाटलं तर चार रताळी घ्या, अन् पलीकडे जाऊन एकदा विचारून या, बाई, बरी आहेस ना?